मामांची गोळी आईंना का चालत नाही?

डिचोली तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ते बरेच मोठे असल्याने त्यातील आवश्यक तेवढाच भाग येथे देत आहे.

‘माझ्या आईचे वय 54 आहे. शाळेत असताना तिला ऱ्हुमॅटिक ताप आला होता आणि त्यातून हृदयाची मायट्रल झडप आकसली. मी लहान असताना तिच्या झडपेचे फुग्याने रुंदीकरण झाले आणि त्यानंतर बरीच वर्षे ती ठीक होती. गेल्या वर्षीपासून मात्र तिच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले आहेत. डॉक्टरांनी एट्रियल फिब्रिलेशन असल्याचे सांगून रक्त पातळ करणारी गोळी दिली आहे, आणि त्यासाठी दर महिन्याला म्हापशाला जाऊन आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले ते दाखवणारा आकडा, तपासावा लागतो. सप्टेंबरमध्ये तो 1.4 आला म्हणून गोळी वाढवली, तर ऑक्टोबरमध्ये 4.2 आला. मुंबईच्या माझ्या मामांना हाच आजार आहे, पण ते नवीन गोळी घेतात आणि त्यांना रक्त तपासावे लागत नाही. मग आईला ती का देत नाहीत? माझ्या भावाने मोबाइलवर पक्षाघाताच्या धोक्याचा गुणांक काढला, तो फक्त 1 आला. शेजारच्या काकी म्हणतात की अ‍ॅस्पिरिन पुरेसे आहे. अँजिओग्राफीत तर एकही ब्लॉकेज नव्हते. मग एवढ्या गोळ्यांची खरोखर गरज आहे का? आणि हा आजार मलाही होईल का?’

तुमच्या पत्रातील बहुतेक प्रश्नांचे मूळ एकच आहे. तुमच्या आईंचा आणि मामांचा आजार एकच, असे तुम्ही गृहीत धरले आहे. दोघांच्या कागदांवर ‘एएफ’ (एट्रियल फिब्रिलेशन) लिहिलेले असल्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र आकसलेल्या मायट्रल झडपेसोबत आलेले एट्रियल फिब्रिलेशन आणि झडप उघडती असताना वाढत्या वयामुळे किंवा रक्तदाबामुळे आलेले एट्रियल फिब्रिलेशन यांत धोक्याचे प्रमाण वेगळे असते, औषध वेगळे असते आणि धोका मोजण्याची रीतही वेगळी असते.

गोव्यात खाजन शेती पाहिलेल्या माणसाला मानस म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर पडावे, यासाठी बसवलेले ते एकाच दिशेने उघडणारे दार. मायट्रल झडपेचे कामही तेच आहे. फुप्फुसांकडून आलेले रक्त डाव्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जाऊ द्यायचे, उलट येऊ द्यायचे नाही. निरोगी माणसात ही वाट 4 ते 6 चौरस सेंटिमीटर असते. ऱ्हुमॅटिक तापानंतर झडपेच्या पाकळ्या कडांना चिकटत जातात, जाड होतात आणि ती वाट 1.5 चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी झाली की आजार तीव्र मानला जातो. दार अर्धेच उघडत असल्याने मागे रक्त साचते, वरचा कप्पा वर्षानुवर्षे ताणला जातो, त्याच्या भिंतीत तंतू वाढतात आणि अखेर त्या भिंतीतील विद्युत लय बिघडते. म्हणजे तुमच्या आईंचे अनियमित ठोके हा झडपेच्या आजाराचाच पुढचा टप्पा आहे.

ठोके अनियमित झाले की वरचा कप्पा आकुंचन न पावता नुसता थरथरत राहतो. पुढे वाट अरुंद आणि मागून जोर नाही, अशा स्थितीत रक्त जवळजवळ थबकते. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, पडद्यावर कधी कधी त्या कप्प्यात धुरासारखे काहीतरी संथपणे फिरताना दिसते. ते साकळू पाहणारे रक्त असते. त्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखा एक लहान खिसा जोडलेला असतो, आणि गुठळी बहुतेक वेळा तेथेच धरते. ती सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो, पायाकडे गेली तर पाय थंड पडून काळानिळा होतो, आतड्याकडे गेली तर पोटात असह्य कळ येते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष 1978 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार ऱ्हुमॅटिक आजार नसताना एट्रियल फिब्रिलेशनमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पट होता, तर ऱ्हुमॅटिक हृदयविकारासह तो सुमारे सतरा पट होता. मामा आणि आई यांच्यातील अंतर हे असे आहे.

म्हणूनच तुमच्या भावाने काढलेला गुणांक आईंना लागू होत नाही. त्या गणितात वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात, हृदयाची दुर्बलता, रक्तवाहिन्यांचा विकार आणि लिंग यांना गुण दिले जातात. ज्यांना रक्त पातळ करण्याची गोळी द्यावी की नाही याबद्दल शंका असते, अशा रुग्णांसाठी ते तयार झाले. मध्यम किंवा तीव्र आकसलेली मायट्रल झडप अथवा धातूची कृत्रिम झडप असेल, तर शंकेला जागाच उरत नाही आणि गुणांक शून्य आला तरी गोळी द्यावीच लागते. मोबाइल हा प्रश्न आधी विचारत नाही, सरळ उत्तर देतो, आणि दुर्दैवाने ते उत्तर पाहून गोळी बंद केलेले रुग्ण डॉक्टरांना भेटतात ते पक्षाघात झाल्यानंतर.

अ‍ॅस्पिरिनबाबत काकींचा हेतू चांगला असला तरी सल्ला चुकीचा आहे. अ‍ॅस्पिरिन रक्तातील बिंबाणूंना चिकटू देत नाही. हृदयाच्या रोहिणीत होणाऱ्या गुठळीसाठी ते उपयोगी पडते. थबकलेल्या रक्तात होणारी गुठळी मुख्यतः रक्त साकळवणाऱ्या प्रथिनांमुळे बनते आणि तिच्यावर अ‍ॅस्पिरिनचा प्रभाव तोकडा पडतो. झडप न आकसलेल्या रुग्णांतही अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही गोळ्या मिळून वॉरफरिनची, म्हणजे आईंच्या जातीच्या जुन्या गोळीची, बरोबरी करू शकत नाहीत, हे 2006 मध्ये एका मोठ्या चाचणीत इतके स्पष्ट झाले की ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. आईंच्या चालू गोळीच्या जोडीला स्वतःहून अ‍ॅस्पिरिन देणे तर अधिकच वाईट, कारण त्यातून फायदा होण्याऐवजी रक्तस्राव तेवढा वाढतो.

आता मुख्य प्रश्न नव्या गोळ्यांचा. डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्झाबान, अ‍ॅपिक्साबान ही त्यांची नावे. मामांसारख्या लाखो रुग्णांसाठी त्या खरोखर सोयीच्या आहेत. रक्त वारंवार तपासावे लागत नाही, पालेभाजीचा हिशोब ठेवावा लागत नाही आणि मेंदूतील रक्तस्रावही वॉरफरिनपेक्षा कमी होतो. साहजिकच हृदयरोगतज्ज्ञांनाही वाटत होते की ऱ्हुमॅटिक झडपेच्या रुग्णांतही त्या निदान तितक्याच चांगल्या ठरतील. ते तपासण्यासाठी आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील 24 देशांत, भारतासह, ‘इन्व्हिक्टस’ नावाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2022 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. त्यातील रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आसपास होते आणि त्यांत सुमारे 72 टक्के स्त्रिया होत्या. बहुतेकांची मायट्रल झडप अरुंद होती. थोडक्यात, तुमच्या आईंसारखेच रुग्ण. रिव्हारोक्झाबान दिलेल्या 2,275 जणांपैकी 552 जण दगावले, तर जुनी गोळी दिलेल्या 2,256 जणांपैकी 442. पक्षाघातही जुन्या गोळीवर कमी झाले, आणि मोठा रक्तस्राव जुन्या गोळीवर लक्षणीय प्रमाणात जास्त झाला असेही दिसले नाही.

या निकालात एक गोष्ट तुम्हाला धीर देणारी आहे. जुनी गोळी घेणाऱ्यांचा आयएनआर त्या चाचणीत काही आदर्श नव्हता. वेळोवेळी पाहिले असता साधारण 56 ते 65 टक्के रुग्णांचाच तो योग्य टप्प्यात सापडला. तरीही जुनी गोळी वरचढ ठरली. आईंचा आयएनआर दोनदा चुकला एवढ्यावरून ‘ही गोळी तिला मानवतच नाही’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. अमेरिकी आणि युरोपीय मार्गदर्शक सूत्रेही आज मध्यम ते तीव्र आकसलेल्या मायट्रल झडपेसाठी वॉरफरिनच्या जातीचीच गोळी सांगतात. धातूच्या झडपेबाबतही तेच. तेथे डॅबिगॅट्रान वापरून पाहिलेली चाचणी 2013 मध्ये गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने सोडून द्यावी लागली होती.

‘झडपेचा आजार’ म्हटले की सगळ्या झडपा एकाच मापाने मोजायच्या, असेही नाही. गळणारी मायट्रल झडप किंवा वयोमानाने कडक झालेली महाधमनीची झडप असेल आणि सोबत एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर नवीन गोळ्या चालतात. प्राणिज ऊतींची कृत्रिम झडप बसवल्यावर पहिले काही महिने सरले की बहुधा तेथेही त्या चालतात. तुमच्या मामांना कदाचित झडपेचा असा एखादा आजार असेलही. म्हणून त्यांचा इको अहवाल न पाहता त्यांच्या औषधाची तुलना आईंच्या औषधाशी करू नये, आणि उलटही करू नये. एखाद्या नातेवाइकाने मामांची गोळी बदलण्याचा आग्रह धरला तर तोही तितकाच निराधार ठरेल.

आता आयएनआरबद्दल, कारण आईंची खरी अडचण तेथेच आहे. तुमच्या आईंसाठी तो 2 ते 3 यांच्या दरम्यान हवा. धातूची मायट्रल झडप असती तर याहून थोडा वरचा टप्पा ठेवावा लागला असता. पत्रात तुम्ही ओझरते लिहिले आहे की श्रावणभर तुमच्या घरी शिवराक जेवण असते आणि आई परसातली तांबडी भाजी, अळू, शेवग्याचा पाला असे रोज काही ना काही करतात. पुढे असेही लिहिले आहे की चवथीनंतर त्यांना ताप आला, पाच दिवस अँटिबायोटिक घेतले आणि गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या घेतल्या. तुमचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. हिरव्या पाल्यात ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते आणि ही गोळी नेमकी त्याच्याच विरुद्ध काम करते, म्हणून श्रावणाअखेर आयएनआर 1.4 वर उतरला. तो आकडा पाहून गोळी वाढवली गेली. तोपर्यंत घरात मासळी परतली होती, पाला कमी झाला होता, तापात जेवण घटले होते आणि वर अँटिबायोटिकची भर पडली. वाढलेली मात्रा आता जास्त झाली आणि आकडा 4.2 वर गेला. यात तपासणाऱ्या डॉक्टरांची चूक नाही. त्यांना श्रावणाचा हिशोब कोणी सांगितलाच नसावा.

पालेभाजी बंद करा असे मी मुळीच म्हणणार नाही. तसे सांगणारे बरेच भेटतात आणि मग बिचाऱ्या बायका वर्षानुवर्षे डाळभातावर दिवस काढतात. आठवड्याला साधारण सारखाच पाला पोटात जावा, एवढेच पथ्य. श्रावणात तो वाढणारच असेल तर श्रावण लागण्याआधी डॉक्टरांना सांगावे आणि त्या महिन्यात तपासणी दोन आठवड्यांनी करावी. मेट्रोनिडाझोल, कोट्रायमोक्साझोल आणि बुरशीवरचे फ्लुकोनाझोल ही आयएनआर झपाट्याने वाढवणारी औषधे आहेत. त्यांपैकी काही सुरू झाले तर चार-पाच दिवसांतच रक्त तपासावे. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा असेक्लोफेनॅक घेऊ नये, कारण त्यांनी आयएनआर फारसा न हलताही जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल मर्यादेत चालते. झाडपाल्याचे काढे आणि चूर्णे घेतली असतील तर ती लपवू नयेत.

गोळी संध्याकाळी ठरावीक वेळी घ्यावी. सकाळी रक्त दिले, दुपारी आकडा आला आणि डॉक्टरांनी मात्रा बदलली, तर त्याच दिवसापासून बदल करता येतो. आपल्याकडे वॉरफरिन आणि एसिनोकुमारॉल अशी दोन औषधे प्रचलित आहेत आणि त्यांचे मिलिग्रॅम एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून औषधाच्या दुकानात ‘तेच आहे, दुसऱ्या कंपनीचे’ असे ऐकल्यावर पट्टीवरील औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही वाचून पाहा. एखाद्या दिवशी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. एका वहीत तारीख, आयएनआर, घेतलेली मात्रा आणि शेजारी ‘ताप’, ‘उपास’, ‘दात काढला’ अशी नोंद ठेवा. साधा दात काढायचा असला तरी गोळी परस्पर बंद करू नका. आयएनआर पाहून, जागच्या जागी रक्त थांबवण्याचे उपाय करून दंतवैद्य ते काम बहुधा गोळी चालू ठेवूनच करू शकतात.

अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही ही चांगली बातमी आहे, पण तिचा अर्थ मर्यादित आहे. रोहिण्या मोकळ्या असल्याने नेहमीच्या प्रकारचा हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता कमी आहे. आईंचा धोका दुसऱ्या दोन वाटांनी येतो. एक गुठळीची, जिच्याबद्दल वर लिहिले. दुसरी हृदयाच्या दुर्बलतेची, आणि तिच्याकडे घरच्यांचे लक्ष कमी जाते. झडप अरुंद असली की तिच्यातून रक्त खाली उतरायला वेळ लागतो. ठोके मिनिटाला 120–130 झाले तर दोन ठोक्यांमधला तो वेळ उरत नाही, रक्त फुप्फुसांत तुंबते आणि माणसाला आडवे झोपवत नाही. मेटोप्रोलॉल किंवा डिगॉक्सिन या गोळ्या दिल्या जातात त्या ठोके मंद ठेवण्यासाठी, आणि त्या या आजारात रक्त पातळ करणाऱ्या गोळीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. डिगॉक्सिन चालू असताना भूक अजिबात मेली, मळमळ सुरू झाली किंवा दिवे पिवळसर दिसू लागले, तर ते औषध शरीरात साठले असण्याची शक्यता असते आणि लगेच दाखवावे लागते.

मिठाचे पथ्यही या दुसऱ्या वाटेसाठीच असते. पुरुमेंताच्या दिवसांत खारवलेले बांगडे, सुकी सुंगटे, लोणची आणि पापड घरात भरले जातात आणि पावसाळाभर रोज थोडे थोडे पानात येतात. ताजी मासळी आईंना चांगली. सुक्या मासळीने मात्र पायांना सूज आणि रात्री धाप लागते, हे मी पावसाळ्यात हटकून पाहतो. रक्तदाब आणि साखरही तपासत राहा. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात देशात सर्वांत जास्त, 26.4 टक्के आढळले होते. झडपेच्या रुग्णाला मधुमेह होत नाही, असा काही नियम नाही.

आता एक प्रश्न, जो तुम्ही विचारला नाही पण विचारायला हवा होता. झडप सध्या किती उघडते? फुग्याने उघडलेली मायट्रल झडप काही वर्षांनी पुन्हा आकसू शकते, आणि बरीच वर्षे ठीक असलेल्या रुग्णाला अचानक एट्रियल फिब्रिलेशन सुरू होणे हे त्याचे चिन्ह असू शकते. शेवटचा इको वर्षभरापेक्षा जुना असेल, तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे नवा इको करून घ्या आणि झडपेचे क्षेत्रफळ, फुप्फुसांतील दाब आणि डाव्या कप्प्यात गुठळी आहे का, या तीन गोष्टी स्पष्ट विचारा. झडपेची रचना अनुकूल असेल तर पुन्हा फुगा वापरता येतो. मात्र कप्प्यात गुठळी असेल तर तो वापरता येत नाही. म्हणूनच आधी अन्ननलिकेतून इको करून कप्पा पाहतात आणि गुठळी सापडली तर काही महिने गोळी नीट घेऊन ती विरघळते का ते पाहतात. झडप बदलण्याची वेळ आली तर धातूची की ऊतींची, हा निर्णय आयएनआर सांभाळण्याची तुमची तयारी किती आहे यावरही ठरेल, त्यामुळे आतापासून ठेवलेली वही तेव्हा उपयोगी पडेल. उपचारांचा खर्च दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत कितपत बसतो, हे रुग्णालयातील योजनेच्या खिडकीवर आधीच विचारून घ्यावे.

तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात खाली पडणे, जीभ जड होणे यांपैकी काही झाले तर ‘थोडे थांबून पाहू’ म्हणू नका. 108 ला फोन करा आणि आई शेवटच्या केव्हा ठीक होत्या ती वेळ सांगा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि आयएनआर 1.7 पेक्षा जास्त असेल तर ते सहसा देत नाहीत. तरीही मोठ्या रोहिणीतील गुठळी तारेने काढण्याचा मार्ग काही रुग्णांत खुला असतो, म्हणून आयएनआरची वही सोबत न्यायला विसरू नका. काळी शौचास होणे, लघवीत रक्त येणे आणि डोक्याला मार लागणे, मग तो बाहेरून कितीही किरकोळ दिसो, या वेळीही थेट रुग्णालयातच जावे.

तुम्हाला हा आजार होईल का? तो आईकडून मुलीला वारशाने मिळणाऱ्या आजारांपैकी नाही. तो स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या घसादुखीनंतर, बहुतेक वेळा पाच ते पंधरा या वयात सुरू होतो. तुमचे ते वय सरले आहे. घरात त्या वयाची मुले असतील आणि त्यांचा घसा तापासह दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि पेनिसिलिनच्या जातीचे औषध दिले तर मूल दोन दिवसांत खेळू लागले तरी दिलेल्या मुदतीपर्यंत ते पूर्ण द्या.